वरची दाढ आणि फुंकणी

मनमाडहून रोज गाडीने नाशिकला येणाऱ्या काकांचं आधी सांगतो, दाढेचं मग. चांदीच्या कारखान्यात त्यांची बैठक माझ्या शेजारी. मला फुंकायची बंदी झाली तेव्हा स्वतःचं काम उरकून माझ्या पैंजणांच्या कड्या डाक लावून त्यांनी जोडल्या, आणि दवाखान्यात माझी वाचा बसली तेव्हा बोललेही तेच. ते नसते तर मी आज वर्ध्याच्या पुढे, आमच्या गावात, रिकाम्या हाताने परत गेलेला असतो.

मी आठवीत शाळा सोडली. शिकलेलं माणूस काही समजावू लागलं की मी मान हलवतो. समजलं म्हणून नाही, लवकर सुटावं म्हणून. उजवीकडची वरची दाढ पार पोखरली, तेव्हा इंदिरानगरला खोलीजवळच्या दवाखान्यात काढून घेतली. डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. दाढेची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीला, म्हणजे सायनसला, टेकलेली होती. नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवा, फुगे फुगवू नका, असं त्यांनी बजावलं. बाजा वगैरे वाजवता का, तेही विचारलं. मी म्हणालो, नाही, चांदीचं काम आहे, बसून. त्या म्हणाल्या, मग उत्तमच.

आता आमचं काम असं की, दिव्याच्या ज्योतीवर पितळी फुंकणीने हवा मारायची. ज्योत सुईसारखी बारीक होऊन कडीच्या सांध्यावर पडते आणि डाक वितळतो. मध्येच ज्योत तुटली तर सांधा वाया. म्हणून हवा गालात साठवायची आणि श्वास नाकाने चालू ठेवायचा. छातीने फुंकतो तो कारागीर नाही, असं शिकवतानाच सांगतात. मला वाटलं, फुगा छातीने फुगवतात, आपली तर नुसती गालातली हवा. कारखान्याचे शेठ तेच म्हणाले, काकाही तेच म्हणाले. आमच्यात ते कुणाला फुंकणं वाटतच नव्हतं.

थोड्याच दिवसांत माझी ज्योत हलायला लागली. गाल भरले की हवा कुठूनतरी निसटायची आणि नाकात फुरफुर व्हायची. एकदा चहाचा घोट नाकातून खाली आला. मग डोळ्याखाली ठणका सुरू झाला. सांधा बघायला वाकलं की गालात शिसं ओतल्यासारखं व्हायचं. मी सर्दी, सर्दी म्हणत वाफ घेत राहिलो. काकांनी माझी ज्योत बघितली, फुंकणी हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "चल दवाखान्यात. सर्दीनं ज्योत हालत नाय."

तिथे काकांनी खिशातून फुंकणी काढून बाईंपुढे ठेवली. मी गाल फुगवून दाखवायला लागलो तर बाईंनी माझा हातच धरला. म्हणाल्या, "अहो, गालातलीच हवा वाईट. सगळा दाब थेट दाढेच्या जागी जातो." तोंड आणि सायनस यांच्यामध्ये भोक राहिलं होतं आणि आत पू धरला होता. आधी औषधं, मग हिरडी ओढून टाके, आणि त्या सांगतील तोवर फुंकणी बंद. पुढे दाताचंही बोलल्या, इम्प्लांट, हाड, स्कॅन असं बरंच. मी मान हलवत होतो.

काका म्हणाले, "बाई, हा मान हालवतोय म्हंजे ह्याला कायबी समजलं नाय. पुन्यांदा सांगा. मलापण समजंल असं."

बाई हसल्या आणि कागदावर चित्र काढून सांगू लागल्या. तिथलं हाड पापुद्र्याएवढं. इम्प्लांटचा स्क्रू बसवायचा तर सायनसचा तळ वर उचलून खाली हाड भरावं लागेल, आणि ते धरेपर्यंत पुन्हा कित्येक महिने फुंकणी नाही. ब्रिज करायचा तर शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतील. किंवा फट तशीच ठेवायची. घाई नाही, आधी भोक भरू दे.

घाई नव्हती, पण मला चैन नव्हतं. टाके पडल्यावर जीभ तिथेच जायची. शिंक येणार असं वाटलं की रस्त्यात उभा राहायचो. नाक धरून हवा निसटते का बघावं, असं सारखं मनात यायचं, आणि तेवढंच करायचं नव्हतं. कारखान्यात मी घुंगरं ओवत बसायचो. ते काम कुणीही करतं, त्यासाठी एवढ्या लांबचा माणूस कोण ठेवेल? शेठ काही बोलत नव्हते, त्याचीच जास्त धास्ती. काका मात्र संध्याकाळी माझ्या कड्या आपल्याकडे ओढायचे आणि नेहमीची गाडी सोडून उशिराच्या गाडीने जायचे. मी नको म्हणालो तर म्हणाले, "गप ओव. लय बोलू नको, टाके तुटतील."

फोनवर आईचं एकच, दात बसवून घे बाबा, आता मुली बघायच्यात, खिंडार बरं दिसत नाही. मला रात्री पटायचं आणि सकाळी फुंकणी बघितली की पटायचं नाही.

बाईंनी भोक भरल्याचं सांगितलं, आणखी थांबवलं, आणि मग एकदाची फुंकायची परवानगी दिली. मी विचारलं, फट ठेवली तर चालेल का? बहुतेक हे मी त्यांना विचारलेलं पहिलंच काही. त्या म्हणाल्या, चालेल, शेजारचे दात सरकतात का बघत राहू. मग इम्प्लांट नाही, असं मीच म्हणालो. आईला कळवलं.

पहिल्या दिवशी गाल हळूहळू भरले. ज्योत सरळ राहिली. काकांनी नुसतं बघितलं आणि तंबाखू मळायला घेतली. अजून थंडीत डोळ्याखाली ठणकतं आणि मी घाबरतो.

काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ऑपरेशन झालं की बरेच दिवस वाकायचं नाही, फुंकायचं नाही, म्हणून ते पुढे ढकलतायत. मी सांगून ठेवलंय, काका, तारीख तुम्ही घ्या, तुमचा प्रत्येक सांधा मी झाळीन, आणि दवाखान्यात बाहेर बाकावर मीच बसलेला असेन. ते म्हणतात, बघू. पण ते घेतील ती तारीख माझी.