मशीनची पिल्लं

साखर कारखान्याचं गाळप थांबलं की इन्स्ट्रुमेंट विभागातल्या माझ्या हातांना गप्प बसवत नाही. यंदा मी घरीच अंडी उबवायची मशीन करायला घेतली. बायको म्हणाली, "कोंबडी खुडूक झालीय, तिला बसू द्या की अंड्यांवर." मी हसलो. कोंबडी डालग्याखाली कोंडली आणि अंडी थर्माकोलच्या खोक्यात मांडली.

सर्किट बोर्डही माझाच. डिझाइन इस्त्रीनं तांब्याचा थर असलेल्या पाटीवर उमटवलं, नको तेवढं तांबं केमिकलमध्ये विरघळवलं. त्यासाठी बायकोचा टब न विचारता घेतला, तो कायमचा पिवळा पडला. बल्ब लागत-विझत राहिला, ऊब नेमकी धरली आणि मी घरात ऐटीत फिरलो. बल्ब चालू-बंद करणारी चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, जरा कोमट लागतोय हे कळलं होतं, पण चाललंय ना, मग कशाला हात लावा!

एका दुपारी बल्ब विझला तो विझलाच. मायक्रोकंट्रोलरवर बोट ठेवलं आणि चटका बसला. मी थेट बायकोवर ओरडलो, "केर काढताना खोकं हलवलंस ना?"

"मी हात बी लावला न्हाई," ती म्हणाली.

मग मी लाइटला शिव्या घातल्या, अ‍ॅडॅप्टर बदलला, नवा मायक्रोकंट्रोलर बसवला. तोही तापला. शेवटी भिंग घेतलं तेव्हा दोन पिनांच्या मध्ये केसाएवढं तांबं राहिलेलं दिसलं, त्यातूनच शॉर्ट होत होतं. बोर्ड केमिकलमधून घाईनं बाहेर काढला होता, मीच. कारखान्यात हेच कुणी केलं असतं तर मी त्याची बिनपाण्यानं केली असती.

मागं वळलो तर खोकं रिकामं. बायकोनं गार पडत चाललेली अंडी पदरात घालून केव्हाच कोंबडीखाली ठेवली होती. मला तिच्यासमोर उभं राहायचीसुद्धा लाज वाटली, पण चुकलो म्हणायला जीभ रेटेना.

पिल्लं निघाली. शेजारीण बघायला आली.

"मशीनची का वो भावजी?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "मंग! ह्यांनीच बनवलीय."

"मग आमची बी ठिवा," म्हणत शेजारणीनं पदरातली अंडी काढली. आता गप्प बसलो तर तिची अंडी वाया जाणार. मी सांगून टाकलं की मशीन मध्येच बंद पडली, पिल्लं कोंबडीनं काढली. ती हसत हसत गेली. खरं बोललो म्हणून मला जरा बरं वाटलं. बायकोलाही वाटेल असं समजत होतो.

तिचं तोंड उतरलं होतं. "कालच पाथर्डीला फोन करून आईला सांगितलं, ह्यांच्या मशीनीत पिल्लं निघाली म्हणून. आता काय सांगू?"

"मी सांगतो," म्हणालो.

तिनं लगेच फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, आख्ख्या गल्लीला सांगितलं बगा मी! एक मशीन आमाला बी करून द्या की."