हसनमियाँच्या रेसिंग सायकलीची किंमत

सलीमभाईंनी वाटणीच्या कागदावर स्वतःची सही केली, कुवेतला असलेल्या धाकट्या भावाच्या वतीने दुसरी केली आणि पेन बहिणीकडे सरकवलं. "सही कर गो," म्हणाले. काम संपलं म्हणून मी उठलो आणि उठताना पडवीतल्या सायकलीला हात टेकला. पांढऱ्या शर्टाची बाही कोपरापर्यंत काळी झाली.

"थांबा साहेब, डाग बसेल." जुबेदाताईंनी पेन खाली ठेवलं आणि आतून रॉकेलची चिंधी आणली. माझी बाही पुसून झाल्यावर त्यांनी सहज तीच चिंधी सायकलीच्या दांडीवर फिरवली. काळ्या थराखालून आकाशी रंग निघाला. आणखी एकदा फिरवली तर सोनेरी अक्षरं दिसली. लिपी इंग्रजी होती, भाषा मात्र इंग्रजी नव्हती.

त्या सायकलीची किंमत मी तीनशे रुपये लिहिली होती आणि तीन भावंडांची वाटणी त्या यादीवर बेतलेली होती.

आधी माझं काम सांगतो. मी व्हॅल्युअर. घर पोलादपूरला, ऑफिस महाडला, कोर्टाच्या रस्त्यावर एका जिन्याखाली. बँकेला कर्ज देताना किंवा मालकाला कारखाना विकताना यंत्रांची किंमत काढून द्यायची, हा माझा धंदा. एमआयडीसीतले बॉयलर आणि पंप यांच्यावर माझं घर चालायचं. आमच्याकडे किमती तीन प्रकारच्या असतात. खरेदीच्या रकमेतून दरवर्षीची झीज वजा करत गेलं की उरते ती बुक व्हॅल्यू. मोडीत घातल्यावर वजनावर मिळते ती स्क्रॅप व्हॅल्यू. आणि घ्यायला राजी असलेला एक माणूस आणि विकायला राजी असलेला दुसरा, दोघांनाही घाई नसताना, ज्या आकड्याला हो म्हणतील ती मार्केट व्हॅल्यू. ही व्याख्या मी परीक्षेसाठी घोकून पाठ केली होती. 'राजी' या शब्दाकडे तेव्हा काही लक्ष गेलं नव्हतं.

हसनमियाँ जन्मभर मालवाहू जहाजांवर फिटर होते. ते वारले तेव्हा त्यांची बायको हयात नव्हती. मागे तीन मुलं. सलीमभाई थोरले, महाडला ट्रकचा धंदा. इक्बाल कुवेतला. मधली जुबेदा, पोलादपूरला दिलेली, स्टँडसमोर भाड्याच्या जागेत एसटीडी बूथ चालवायची. भावंडांत भांडण नव्हतं. कोर्टात जायचं नाही, बाहेरच्या माणसाकडून सगळ्याची किंमत काढून घ्यायची आणि ज्याला जे हवं ते त्याने त्या किमतीला आपल्या वाट्यात धरायचं, असं ठरलं होतं. त्यांच्या कायद्याप्रमाणे भावाला दोन वाटे, बहिणीला एक.

जुबेदाताईंनी दोनच गोष्टी मागितल्या होत्या. बाजारपेठेतला छोटा गाळा आणि ही सायकल. पोलादपूरचा जागामालक कधी उठवेल याचा नेम नव्हता, त्यामुळे गाळ्यावर त्यांचा सगळा पुढचा संसार होता. गाळा अधिक तीनशे रुपये, एवढ्यात त्यांचा वाटा भरत होता. वर फार तर चहापाण्यापुरतं उरत होतं.

आता तीनशे कसे लिहिले तेही सांगतो, लाज वाटते तरी. आमच्या भागात पाऊस असा पडतो की लोखंड टिकत नाही. मिरगाच्या आधी लोक खिडक्यांचे गज, गेट, पाण्याचा पंप, दिसेल त्या लोखंडाला जळकं इंजिन ऑइल फासतात. हसनमियाँ दरवर्षी सायकललाही फासायचे. वर्षानुवर्षांचा तो थर डांबरासारखा दिसत होता. मी पाहिलं, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, टायर बसलेले. मडगार्ड नाही म्हणून पैसे कापले. स्टँड नाही, कापले. कॅरियर नाही, घंटी नाही, चेनकव्हर नाही. अशा सायकलवर महाडच्या बाजारातून तांदळाचं एक पोतं आणता येत नाही, मग ती घेणार कोण, असा माझा हिशेब. दहा मिनिटांत काम उरकून मी फ्रिजकडे वळलो होतो.

"सलीमभाई, आठ दिवस द्या," मी म्हणालो. "एका वस्तूची किंमत परत बघायला हवी."

"कुठल्या?"

"सायकलीची."

"साहेब, तीनशेची सायकल. तिच्यापायी आठ दिवस? बरी हाय ना तब्येत?"

जुबेदाताई हसल्या नाहीत. सोनेरी अक्षरांवर त्यांनी पदर टाकल्यासारखी चिंधी ठेवली होती.

पुण्याच्या एका मित्राकडून मला आपटे नावाच्या गृहस्थांचा पत्ता लागला. निवृत्त इंजिनियर, जुन्या रेसिंग सायकली जमवतात. त्यांना फोटो पाठवले. रविवारी सकाळी फोन करा असा निरोप आला. रविवारी ऑफिस बंद, घरी फोन नाही, पोलादपूरच्या स्टँडसमोर बूथ एकच. मी तिथेच गेलो. तीनशेनंतरचा हा माझा दुसरा गाढवपणा.

आपट्यांनी नमस्कारही न करता प्रश्न सुरू केले. रंग मूळचा आहे का? अक्षरं शाबूत आहेत? पेडलपाशी फ्रेमच्या खाली नंबर ठोकलेला असतो, तो वाचता येतो? चाकं त्याच गाडीची का? मग जरा घाबरत विचारलं, "कुणी मडगार्ड, कॅरियर काही बसवलं नाही ना?"

"नाही. स्टँडसुद्धा नाही."

"देव पावला."

ज्या ज्या गोष्टी नाहीत म्हणून मी पैसे कापले होते, त्या नाहीत म्हणूनच ती सायकल मोलाची होती. आपट्यांनी मला अर्धा तास शिकवलं. असली सायकल वजनाला हलकी, तिची फ्रेम एखाद्या छोट्या कारखान्यात एका कारागिराने हाताने जोडलेली. म्हणून कारागीर कोण ते बघायचं. जुनी आहे म्हणून किंमत येत नाही, जुन्या तर आपल्या दुधवाल्यांच्याही सायकली असतात. ज्या रूपात ती कारखान्यातून निघाली त्या रूपात किती उरली, यावर पैसे. नवा रंग काढला की निम्मी किंमत गेली. भाग बदलले की आणखी गेली. आणि शेवटी, तीच सायकल शोधणारा वेडा माणूस तुम्हाला सापडला पाहिजे. तो नसेल तर भंगार.

"तो वेडा मी आहे," ते म्हणाले. "सगळं मूळचं असेल तर पन्नास हजार देईन."

"पन्नास हजार?" मी मोठ्याने म्हणालो.

फोन ठेवून काचेच्या खोक्यातून बाहेर आलो. जुबेदाताई मीटरकडे बघत होत्या. "मी ऐकलं," म्हणाल्या.

त्यांनी मीटरवरचा आकडा बिलावर उतरवला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आठ दिवस झाले, काय नाय सापडलं, असं सांगितलंत तर?"

खोटं कशाला सांगू, फोन ठेवताना माझ्याही मनात तेच आलं होतं. चूक माझी होती. तीनशे राहिले असते तर गाळाही त्यांना मिळाला असता आणि सायकलही. भावांना कधी कळलंही नसतं. पण चुकून लिहिलेले तीनशे वेगळे आणि जाणूनबुजून ठेवलेले वेगळे. मला तिघांनी मिळून नेमलं होतं.

"ताई, ते नाही जमणार."

"ठाऊक होतं. विचारून बघितलं." बिल फाडून त्यांनी माझ्या हातात दिलं.

पुढच्या आठवड्यात आपटे जीप घेऊन वरंध घाटाने उतरले. सोबत कापूस, ब्रश आणि एक भिंग. दोन तास खपून त्यांनी तो काळा थर उतरवला. त्या तेलाने रंग असा जपला होता की कारखान्यातून काल निघाल्यासारखा. मूळची चाकं सलीमभाईंनी माळ्यावरून काढून दिली, गोणपाटात गुंडाळलेली. आपट्यांचा चेहरा फुलला होता. मग दांडीच्या पुढच्या भागावर त्यांचा हात थांबला. तिथे हँडलच्या मागे एक वीतभर लोखंडी बैठक होती, लहान मूल बसवायची.

"ही कुणी बसवली?"

"अब्बांनी," जुबेदाताई म्हणाल्या. "मी चार वर्षांची होते. अब्बा नऊ महिने जहाजावर असायचे. उरलेले तीन महिने मी हितं असायची. शाळेत सोडायचे, चवदार तळ्याला वळसा घालून. सरळ रस्ता होता, तरी वळसा घालून."

आपट्यांनी भिंगातून सांधा पाहिला. "काम फार सुंदर आहे. जहाजावरच्या फिटरचा हात. पण इथे पितळ वितळवून जोड दिलाय, म्हणजे नळीला आच लागली. या नळ्या पत्र्यासारख्या पातळ असतात. मी पस्तीस देईन. ही बैठक नसती तर पन्नास दिले असते."

"म्हणजे पंधरा हजार माझ्यापायी गेले," जुबेदाताई म्हणाल्या.

आपटे ओशाळले. "जमवणाऱ्याच्या हिशेबाने, हो."

फोनवर आपट्यांनी विचारलं तेव्हा ही बैठक मला आठवलीच नव्हती. पहिल्या रिपोर्टात मी सगळीकडे पैसे कापत गेलो होतो आणि वाढवले होते ते फक्त एका गोष्टीसाठी. मुलाची बैठक, चांगल्या स्थितीत, पंचवीस रुपये.

नवा रिपोर्ट मी पस्तीस हजारांचा दिला. सलीमभाईंनी तो दोनदा वाचला. "साहेब, माझं एकट्याचं असतं तर कागद फाडून सायकल तिला दिली असती," ते म्हणाले. "पण इक्बालचा हक्क माझ्या हातात हाय. त्याला फोन केला, तो विका म्हणतो. त्याच्या पैशावर मी दिलदार कसा होऊ?" मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण बूथवर मी जे बोललो होतो तेच ते बोलत होते.

पस्तीस हजारांतला पाचवा हिस्सा त्यांचाच धरला तरी उरलेले अठ्ठावीस हजार उभे करणं जुबेदाताईंना शक्य नव्हतं. गाळा किंवा सायकल. त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि तिसऱ्या दिवशी गाळा घेतला. बरोबरच होतं. कुणालाही मी हाच सल्ला दिला असता. तरी त्या संध्याकाळी मला स्वतःची चीड आली. पहिल्या दिवशी चिंधी मी फिरवली असती, तर सायकल त्यांच्या वाट्याला कधी आलीच नसती. मी त्यांना ती महिनाभर दिली आणि काढून घेतली.

सायकल भावांच्या वाट्यात गेली आणि आपटे न्यायला आले. जीपमध्ये गाद्या अंथरून झाल्यावर जुबेदाताई म्हणाल्या, "ती बैठक मला हवी."

"मी पुण्याला नेऊन कापणारच होतो," आपटे म्हणाले. "व्यवस्थित कापून पोस्टाने पाठवतो."

"नाय. हितंच."

सलीमभाई ट्रकच्या हत्यारांतून करवत घेऊन आले. आपट्यांनी नळीला पातं लागू नये म्हणून मध्ये पत्रा धरला. काम नाजूक होतं, अर्धा तास गेला. करवत चालवता चालवता सलीमभाई म्हणाले, "मला कधी नाय बसवलं हिच्यावर. मी बारा वर्षांचा घोडा. मागनं पळत जायचो तळ्यापातूर."

"मला माहीत नाय हे," जुबेदाताई म्हणाल्या.

"तू पुढं बघत असायचीस."

बैठक सुटली तेव्हा ती त्यांनी स्वतः बहिणीच्या हातात दिली. एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी बरेच कारखाने सुटे होताना पाहिले आहेत. त्या दिवशी मात्र मला तिथे उभं राहवेना.

पण काम बाकी होतं. कराराप्रमाणे वाटणीतली प्रत्येक वस्तू यादीत हवी. मी शेवटची ओळ लिहिली: लोखंडी बैठक, एक नग. सलीमभाईंनी विचारलं, "किंमत काय टाकणार?"

वजनावर चार रुपये. माझ्या जुन्या हिशेबाने पंचवीस. आपट्यांच्या हिशेबाने उणे पंधरा हजार. आणि मार्केट व्हॅल्यू काढायला विकायला राजी असलेला माणूस लागतो, तो त्या पडवीत कुणी नव्हता. मी रकाना कोरा ठेवला. असा कोरा रकाना बँकेने मला तोंडावर परत केला असता. जुबेदाताईंनी खाली सही केली, मग सलीमभाईंनी आपली आणि इक्बालची.

त्यानंतर वाटणीची बरीच कामं केली. आता यादी करायला बसण्याआधी मी सगळ्यांना एक विचारतो, यातलं कुणाला काय हवंय. किमतीचं नंतर बघू म्हणतो. विचारायला पाच मिनिटं लागतात. आमच्या छापील फॉर्ममध्ये त्यासाठी जागा नाही, म्हणून मी ते पेन्सिलने समासात लिहून ठेवतो.