फाईलमधला करंज

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी बोलतेय, नात टाइप करतेय, आणि तिला बजावलंय — पदरचं काही घालायचं नाही. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची... असल्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही. बत्तीस वर्षं पालिकेच्या बागांत माळीकाम केलं, त्यातली एक बाग तर स्मशानाच्या भिंतीला लागून. काही दिसलं नाही. हे मात्र दिसलं, सकाळी अकरा वाजता, ट्यूबलाइटखाली, वीस-बावीस माणसांसमोर.

अंधेरी पूर्वेला एक कॉलेज आहे, तिथे बागा आणि मोकळ्या जागा आखायला शिकवतात. गायतोंडे मॅडम मुलांना कॉम्प्युटरवर जमीन, झाडं उभी करायला शिकवतात. मी रिटायर झाल्यावर त्यांनी मला शोधून काढलं. दर बुधवारी मुलांच्या मागे खुर्ची टाकून बसते, कोणी झाड चुकीचं काढलं की सांगते. पहिल्याच दिवशी एकाने घाटकोपरच्या टेकडीवर लाल पानांचं परदेशी झाड लावलं होतं. कॉम्प्युटरमध्ये तयार मिळतात म्हणे.

"अरे, हे तिथे कुठे बघितलंस?"

"मावशी, फ्रीमध्ये होतं."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. तेव्हापासून नियम — आधी जागेवर जायचं, टेपने खोडाचा घेर मोजायचा, वहीत लिहायचं, मगच माऊसला हात. नसलेलं झाड 'आहे' म्हणून दाखवलं तर काम रद्द.

ही बाई मला आवडते. मुलाच्या हातातला माऊस कधी ओढून घेत नाही. हात मागे बांधून उभी राहते आणि विचारते, "आता पाणी कुठे जाईल?" मुलगा चुकतो, पुन्हा करतो, ती थांबून राहते. मी नव्या माळ्यांच्या हातातलं खुरपं हिसकावून घ्यायचे.

मागच्या वर्षी मुलांना घाटकोपरची उतारावरची बाग दिली होती. नोकरीची शेवटची वर्षं मी तिथेच काढली. शेवटी जुरी, म्हणजे भिंतीवर चित्रं लावायची आणि बाहेरचे परीक्षक प्रश्न विचारणार. मृणालची पाळी आली. कांदिवलीची मुलगी, टायफॉइडमध्ये एक वर्ष आधीच गेलेलं. बाग आज कशी आहे ते दाखवणाऱ्या तिच्या चित्रावर परीक्षकांनी पेन ठेवलं.

"पायऱ्यांजवळ हे झाड कुठलं? मी काल जाऊन आलो. तिथे काही नाही."

मृणालचा चेहरा उतरला. "सर, मी नाही लावलं. तीनदा डिलीट केलं. फाईल उघडली की परत येतं."

"म्हणजे दुसऱ्या कोणाची फाईल उचललीय. रद्द. वर्ष पुन्हा करा."

मी उठून जवळ गेले. चित्रात झाडाची एकच बाजू होती, पण खोडाचा कल ओळखीचा वाटला. "तिथे करंज होता," मी म्हटलं. "अकरा वर्षांपूर्वी वाळवी लागून पडला."

"मग तुम्हीच सांगितलंत हिला."

मागून एक पोरगी कुजबुजली, "मावशी, हो म्हणा ना."

हो म्हटलं असतं तर चोरीऐवजी चूक ठरली असती. पण मी सांगितलंच नव्हतं. त्या झाडावर माझं काही प्रेम नव्हतं, शेंगांचा कचरा फार करायचं. "नाही," मी म्हटलं. "कोणालाच नाही."

"मग उपग्रहाचा जुना फोटो मिळाला असेल."

"उपग्रहाच्या फोटोत वरून हिरवा ठिपका दिसेल, सर. खोड नाही दिसणार," मॅडम म्हणाल्या. मृणालच्या कॉम्प्युटरवर फाईल उघडी होती, त्याचा स्क्रीन त्यांनी बंद केला. "मावशी, त्या रिकाम्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा. ते झाड मागच्या बाजूने कसं होतं ते सांगा."

मी सांगितलं. छातीएवढ्या उंचीवर दोन फाटे. मागचा विजेच्या तारेला लागायचा म्हणून मीच करवतीने कापला. घाईत तिरपा गेला, साल खालपर्यंत सोलली, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. पुढे त्या जखमेच्या कडेने नवी साल ओठासारखी वळली.

मॅडमनी स्क्रीन लावून झाड फिरवलं. मी वळून बघितलं. तिरपा काप... खालपर्यंत सोललेली साल... ओठ. मी बाकाला धरून उभी राहिले. मग मॅडमनी फाईलमधलं एकेक बंद केलं — जमीन, पायऱ्या, बाकीची झाडं. सगळं गेलं. करंज उभाच.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. सगळ्या वर्गासमोर, सरळ सरांकडे बघून. नोकरीत मी कितीतरी साहेब पाहिले, एकाच्याही तोंडून हे कधी ऐकलं नाही.

सरांनी मृणालची मोजमापाची वही मागवली. एकेक झाड तपासलं. सगळं बरोबर निघालं, ती पास झाली. मॅडमनी चित्राखाली लिहिलं — 'इथे पूर्वी करंज होता. चित्रात कसा आला, माहीत नाही.' खाली सही केली. जरा वेळाने सरांनीही केली.

नंतर कॉम्प्युटरवाले दोघे येऊन गेले. बिघाड आहे म्हणाले. बिघाडाला माझ्या करवतीचा काप कसा माहीत, असं विचारलं तर चहा पिऊन निघून गेले.

मी मॅडमना म्हटलं, "असं लिहून दिलंत, लोक हसतील ना तुम्हाला."

"हसू देत, मावशी. खोटं कारण लिहिलं असतं तर ती पोरगी जन्मभर तेच खरं धरून बसली असती."

कारण अजून मलाही सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला खरंच ठाऊक असेल तर सांगा. नसेल तर उगाच काहीतरी जोडू नका.