नाझरकाकांचे अठरा पत्ते

नाझरकाकांना राग येत नसे, आणि याच गोष्टीचा मला आजही संताप येतो. अमरावतीच्या कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेला माणूस. जप्तीला गेल्यावर लोकांच्या शिव्या खाऊन खाऊन त्यांची कातडी निबर झाली असेल, असं आम्ही समजायचो. कोणी तोंडावर वाट्टेल ते बोललं तरी "जाऊ दे नं बाप्पा" एवढंच. अहो, काय जाऊ दे? सगळंच जाऊ द्यायचं असतं का?

ते आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. काकू लवकर गेल्या. घरात ते आणि त्यांची मुलगी शुभाताई. शुभाताईचं लग्न दर्यापूरकडच्या मुलाशी ठरलं, पत्रिका छापून आल्या आणि आठच दिवसांत तिकडून निरोप आला, जमत नाही. मी तेव्हा दहावीत होते. कारण आम्हा पोरांना कोणी सांगितलं नाही. कोणीतरी काडी केली, इतकंच कळलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काका नेहमीसारखे आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि बाबांकडून तंबाखूची चिमूट मागून घेतली.

त्या सुट्टीत मामाने नागपूरहून एक खेळ आणला होता. मोठा पट, त्यावर बंगल्याच्या खोल्या, आणि फाशे टाकत शोधायचं की खून कोणी केला, कशाने केला, कुठे केला. काकांना तो बघून हसू आलं. "चौकशीत फाशे कायले लागते? अन् आपल्या इथं खून कोन करते? आपल्या इथं लोकं लगन मोडते." दुसऱ्या दिवशी त्यांनी पट बाजूला सारला आणि पत्ते करायला घेतले. सहा माणसं: मामा, आत्या, मध्यस्थ, भटजी, मांडववाला, मैत्रीण. लग्न मोडायच्या सहा तऱ्हा, निनावी चिठ्ठीपासून कुजबुजीपर्यंत. सहा जागा, देवळापासून पानठेल्यापर्यंत. तिन्हींतला एकेक पत्ता लिफाफ्यात दडवायचा, बाकीचे वाटायचे आणि एकमेकांना विचारत लिफाफ्यातले ओळखायचे.

पहिला जोड त्यांनी घरात साठलेल्या लग्नपत्रिकांचा केला आणि फसले. प्रत्येक पत्रिका वेगळ्या लग्नाची, त्यामुळे पाठी वेगळ्या. दोन डावांत मी ओरडले, "मोरपंखाचा गणपती म्हणजे आत्या!" काका खो खो हसले. मग आत जाऊन शुभाताईच्या न वाटलेल्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले. "ह्या साऱ्या सारख्या हायेत," म्हणाले. मजकुराच्या बाजूवर त्यांनी पांढरा कागद चिकटवला, पण पत्ता उजेडात धरला की खालून 'चि. सौ. कां.' दिसायचंच. शुभाताई दारातून बघत होती. आपल्या बापाला काही वाटतं की नाही, असं तिच्या मनात आलं असेल. माझ्या तर आलंच होतं.

डावात काकांचं एकच सांगणं असे. "कोन हाय ते पाहूच नको. कोन नाही ते पाह्य. शेवटी उरते तो." मी ते पटकन शिकले आणि जिंकायला लागले. एकदा मी विचारलं, "काका, यात शेजारी काहून नाही? लग्नाच्या आधी लोक चौकशीले शेजाऱ्याकडंच त येतात." काका पत्ते पिसत राहिले. "शेजाऱ्याच्याच ओट्यावर बसून शेजाऱ्याचा पत्ता करू का? वाट तू." बाबा बाजूलाच पेपर वाचत होते.

काका गेल्या उन्हाळ्यात गेले. शुभाताई अकोल्याला शाळेत शिकवते, एकटीच राहते. मी भेटायला गेले तेव्हा तिने पत्त्यांचा डबा माझ्या हातात ठेवला. मी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिला कारण विचारलं.

"मले फिट येते म्हणे," ती म्हणाली. "एकदाच आली होती. नऊ वर्षांची असताना, तापात. त्याच्यानंतर कधीच नाही."

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. भर उन्हात तिला खांद्यावर टाकून, स्कूटरवर घालून दवाखान्यात कसं नेलं, हे बाबा आम्हाला अभिमानानं सांगायचे. पोरीची गोष्ट बाहेर बोलू नका, अशी काकूंनी त्यांना शपथ घातली होती. म्हणजे ही गोष्ट आमच्या दोन घरांबाहेर कोणाला माहीतच नव्हती. मामा नाही, आत्या नाही, मध्यस्थ नाही. लग्न मोडलं त्या आठवड्यात आई अकोटला माहेरी होती. इतके डाव जिंकले मी, आणि घरातला हा एक दिसला नाही! मठ्ठ कुठली!

"काकांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलले काहून नाही?" माझा आवाज चढला.

"मी बी लय भांडली त्यांच्याशी. म्हणे, ज्यानं माही पोरगी वाचवली, त्याचा पत्ता मी कसा करू?"

त्याच संध्याकाळी अमरावतीला परतले. बाबा ओट्यावर बसले होते. डबा बघून खुलले. "नाझराचे पत्ते! मांड बरं एक डाव."

"दर्यापूरचे लोक चौकशीले तुमच्याकडं आले होते?"

बाबांनी घडी घातलेला पेपर पुन्हा उलगडला. "इचारलं त्यायनं. मंग काय खोटं सांगू?"

"खोटं नाही. पण एकदाच, नऊ वर्षांची असताना, तापात, हे बी खरंच होतं नं? ते काहून नाही सांगितलं?"

डब्याच्या तळाशी एक कोरा पत्ता होता, पाठीवर शुभाताईच्या पत्रिकेवरचा गणपती. मी त्यावर 'शेजारी' लिहिलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. बाबांनी चष्मा लावून तो वाचला.

"हा... नाझरानं केला होता?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांनी मरेपर्यंत केला नाही. हा मी केला."