अक्कांचं शेवटचं हरीण

अक्का आज सकाळी गेल्या, आणि मला सगळ्यात आधी नासलेलं मटण आठवलं.

रागावू नका. नीट सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अक्का म्हणजे आमच्या कॉव्हेंट्रीतल्या रिटायर्ड भूलतज्ज्ञ. माहेर कोल्हापूरकडचं, वडील शिकारी. इथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं काढली आणि दर उन्हाळ्यात स्कॉटलंडला एका शेतकऱ्याच्या रानात जाऊन एक हरीण मारायच्या. परवाना, सीझन, सगळं रीतसर. हरणं कोवळी झाडं खातात म्हणून मालकच बोलवायचा.

मग आषाढातल्या एका रविवारी ओळखीच्या सगळ्या मराठी मंडळींना जेवण. अक्कांचा आखाड कोणी चुकवत नसे.

मी 2005 मध्ये पुण्याहून आलो. माझ्या सेकंडहँड एस्टेट कारच्या डिकीत दोन मोठे कूलबॉक्स मावायचे. एवढ्या एका गुणावर माझी निवड झाली.

"निशाणा काय, कोणीही लावतं लेका," पहिल्याच ट्रिपला म्हणाल्या. "मांस घरापर्यंत नीट आणणं ही खरी शिकार. थंड आणि कोरडं. त्यातही कोरडं."

त्यांची पद्धत ठरलेली. आधी शेडमध्ये टांगून अंगातली ऊब जाऊ द्यायची. तुकडे कोरड्या फडक्याने पुसायचे, धुवायचे नाहीत. बॉक्सच्या तळाशी दुधाच्या रिकाम्या बाटल्यांत गोठवलेलं पाणी, म्हणजे बर्फ वितळला तरी पाणी बाटलीतच राहतं. त्यावर ओव्हनची जाळी, आणि जाळीवर मलमलीत गुंडाळलेलं मांस.

2006 चा जुलै. आठवतोय ना तो उकाडा?

जाताना गाडीत अक्का म्हणाल्या, "हे शेवटचं. हात थरथरायला लागलाय. परत आले की बंदूक आणि लायसन्स देऊन टाकणार."



सगळ्यांना त्यांनी फोन करून सांगितलं होतं. यंदा नक्की या, पुढच्या वर्षी मिळणार नाही.

पहाटे एक नर मिळाला, आपल्या भेकराएवढा. अक्का दमल्या होत्या. शेतकऱ्याच्या किचनमध्ये चहाला बसल्या आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "आज पॅकिंग तू कर."

आता आमच्या घरी मटण तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय पातेल्याजवळ जात नाही.

समोर रक्ताळलेले तुकडे, त्यांना चिकटलेले केस. आणि म्हणे फडक्याने पूस! म्हटलं, इतकी वर्षं इथे राहून अक्का गोऱ्यांसारख्या झाल्यात. उद्या भांडीसुद्धा फेसासकट वाळत घालतील.

धुतलं. शेडमधल्या नळाखाली, तीनदा, चोळून.

वाटेत अक्कांचा डोळा लागला. बाटल्या पुरणार नाहीत असं वाटून मी मोटरवेलगतच्या सर्व्हिसेसच्या दुकानातून सुट्या बर्फाच्या चार पिशव्या घेतल्या आणि थेट मांसावर ओतल्या. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो मीच.

पुढे मोटरवेवर अपघात. ऐन दुपारी तीन तास गाडी जागच्या जागी.

अक्कांच्या गॅरेजमध्ये झाकण उघडलं तेव्हा बर्फ कधीच संपला होता. कोमट गुलाबी पाण्यात मांस तरंगत होतं. पांढरट, बुळबुळीत. वास आल्यावर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तरी त्यांनी विचारलं.

"धुतलंस?"

"हो."

"किती वेळा?"

"तीन."

त्यांनी झाकण लावलं. "जा, अंडी घेऊन ये. चार डझन."

"अक्का, मी उद्या सगळ्यांना सांगतो की..."

"काही सांगायचं नाही."

रविवारी अठरा माणसं जमली. अक्कांनी हातात डाव घेऊनच सांगून टाकलं, "हरीण मिळालं होतं. मांस माझ्याकडून नासलं. थंड ठेवायला जमलं नाही. आज अंडाकरीवर भागवा."

कोणीतरी म्हणालं, "अक्का, तुमच्याकडून चूक? बातमी झाली पाहिजे!"

सगळे हसले. अक्काही हसल्या.

मग माझ्या शेजारचा एक जण हळूच म्हणाला, "वय झालं आता. बरं झालं बंदूक सुटतेय ते."

मी खाली मान घालून पोळी खात राहिलो. तेव्हाच उठायला हवं होतं. नाही उठलो. याची लाज मला अजून वाटते.

सगळे गेल्यावर भांडी पुसता पुसता विचारलं, "का केलंत असं?"

"मी लायसन्स परत करून मोकळी होणार. तुला या लोकांत अजून वर्षानुवर्षं काढायचीत. जन्मभर चिडवलं असतं तुला."

"थँक यू, अक्का."

"थँक यू कसलं? मी माफ केलेलं नाही तुला." आवाज चढला नव्हता, पण ऑपरेशन थिएटरमध्ये ज्युनियर का टरकायचे ते मला त्या दिवशी कळलं. "जीव मी घेतला त्याचा. चार माणसांच्या पोटात गेला असता तर मला झोप लागली असती. आता त्याला काय सांगू?"

मी पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला घेतलं.

"आणि मी आहे तोवर तोंड उघडायचं नाही."

मंगळवारी कौन्सिलची कचऱ्याची गाडी आली. आदल्या संध्याकाळी नासलेल्या मांसाच्या पिशव्या बाहेर ठेवायला मी गेलो होतो, सकाळी परत गेलो. अक्का ड्रेसिंग गाऊनवर शाल घेऊन दारात उभ्या होत्या. गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत आत गेल्या नाहीत.

त्यानंतर त्या कधी रानात गेल्या नाहीत. मला मात्र दर आखाडात जेवायला बोलवायच्या. त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

त्या रविवारी अंडाकरी खाल्लेल्यांपैकी बरेच जण या ग्रुपवर आहेत. तुमच्यासाठी लिहितोय.

मांस मी धुतलं. बर्फ मी ओतला. अक्कांकडून काहीही चुकलं नव्हतं.

थरथरत्या हाताने त्यांनी एकच गोळी झाडली होती. हरीण दोन पावलंसुद्धा पळालं नाही.

अक्का, तुम्ही होतात तोवर गप्प राहिलो. आता सांगून टाकलं. निश्चिंत निघा.

या.