बाहेरचं

वॉर्डातल्या सगळ्यांसमोर मोठ्या डॉक्टरांनी माझी फजिती केली होती. मी जिला गाठ म्हणालो ती तुंबलेली लघवी निघाली. नळी घातली, गाठ गेली. हा किस्सा त्यांनी पार सीताबर्डीपर्यंत पोचवला. तेव्हापासून मी त्यांच्यावर दात धरून होतो.

मग ती बाई आली. दिवस बरेच भरलेले, आणि मूल हललं की कळवळायची. "मूल आडवं आहे," मोठे डॉक्टर म्हणाले आणि निघून गेले. मी तपासलं. बाळाचे पाय थेट कातडीखाली लागत होते आणि गर्भाशय निराळंच, बाजूला, लहानसं. मूल पिशवीत नव्हतंच, पोटाच्या पोकळीत वाढत होतं! चिरून काढलं नाही तर आतल्या रक्तस्रावानं बाई जाणार. देवाशपथ सांगतो, मला आधी मोठ्या डॉक्टरांचं पडलेलं तोंड दिसलं.

त्या भरात मी व्हरांड्यात जाऊन तिच्या सासूला सोप्या मराठीत सांगितलं, "आजी, हे बाहेरचं आहे."

"मी बी तेच म्हणून राहिली होती ना गा!" म्हातारी म्हणाली.

परत येतो तो खाट रिकामी. म्हातारीनं सुनेला मांत्रिकाकडे नेलं होतं.

"काय हो," मोठे डॉक्टर म्हणाले, "या खेपेला तुमची गाठ पायांनी चालत गेली?"

मी टांगा करून लकडगंजाच्याही पलीकडे धावलो. मिरच्यांच्या धुरात बाई पांढरीफटक पडली होती. भूतच म्हणता, तर भूतच! "आजी, हे धुराले भीत नाही. पोट चिरूनच काढा लागते."

"घेऊन जा सायब," मांत्रिक खोकत म्हणाला, "माह्याच्यानं नाही होत."

क्लोरोफॉर्म दिला. मोठ्या डॉक्टरांनी पोट उघडलं. मूल आतड्यांच्या मधोमध होतं, पण जीव गेलेला. वार आतड्यांना चिकटलेली; ओढली असती तर बाई टेबलावरच गेली असती. त्यांनी ती तशीच आत ठेवून टाके घातले.

"सर, मूल आडवं होतं का हो?" मी विचारलं. त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं.

बाई वाचली. शुद्धीवर येताच म्हणाली, "लेकरू कुठी हाय?"

माझ्याजवळची सगळी वाक्यं मोठ्या डॉक्टरांसाठी घासून ठेवलेली. तेच खाटेशी बसले आणि इतक्या मायेनं तिला सांगितलं, की मला त्यांचा नव्यानं राग आला.