रफूआत्या आणि हिरवी पाटी

लग्न होऊन ती या किनाऱ्यावरच्या गावात आली तेव्हा तिला दोनच गोष्टी धड येत होत्या, असं तिची जाऊ अजून सांगते: रफू करणं आणि उलट उत्तर देणं. दुसरी सासरी फारशी कामाला आली नाही. पहिलीने मात्र तिला जन्मभर पोसलं, आणि नावही दिलं. खरं नाव कागदोपत्री राहिलं, गावाच्या तोंडी ती झाली रफूआत्या.

गावात तेव्हा बाहेरच्या पाहुण्यांसाठी एकच मोठं लॉज होतं. लाकडी जिन्याचं, समुद्राकडे तोंड केलेलं. तिचा नवरा तिथे सुतारकाम करायचा. त्याच्याच शब्दावर मालकीणबाईंनी हिला बोलावलं आणि एक भोक पडलेली चादर पुढ्यात टाकली. म्हणाल्या, "संध्याकाळी मी ही हातात घेईन. भोक कुठे होतं असं मला विचारावं लागलं, तर उद्यापासून ये."

संध्याकाळी बाईंनी चादर उजेडाकडे धरली, उलटली, सुलटली आणि चष्मा पुसला. मग शेवटी विचारलंच.

त्या दिवसापासून माडीवरची कपड्यांची खोली तिची झाली. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर घड्या, मधे नवऱ्याने केलेलं लांब टेबल, आणि इस्त्रीचा तो कोमट, किंचित करपलेला वास. मालकीणबाईंचा नियम असा की चादर टाकायची नाही. मधे विरली की उभी कापायची, कडेच्या चांगल्या बाजू मधे घेऊन जोडायची. ती विरली की उशांचे अभ्रे. अभ्रे गेले की हात पुसायची फडकी, आणि फडकी गेली की कंदिलाच्या काचा पुसायची चिंधी. बाई म्हणायच्या, "चादर मरत नाही गं, लहान होत जाते." रफूआत्या दोरा तोडता तोडता म्हणायची, "आपल्या अगदी उलट!" आणि दोघी हसायच्या.

पाहुणेही तेव्हा पाहुण्यांसारखे असत. तीच तीच कुटुंबं दरवर्षी येत. एक शाळामास्तर यायचे, ते खोलीत गेल्या गेल्या पायथ्याशी बोटाने रफू चाचपायचे आणि जिन्यातून ओरडायचे, "आत्या, यंदाही माझीच चादर दिलीत हो!" लॉज कंजूष म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. पण लोक येत, राहत आणि पुन्हा येत.

मालकीणबाई गेल्या, पुढे नवराही गेला. बाईंचा मुलगा, जो लहानपणी हिच्या टेबलाखाली बसून रिकाम्या रिळांचे मनोरे रचायचा, तो मालक झाला. लॉज पाडून तिथे काचेचं हॉटेल उभं राहिलं. धुण्याला यंत्रं आली, वाळवायलाही यंत्रं आली. आत्याला त्याने मानाने निरोप दिला. घरी येऊन ती बरेच दिवस नुसती खिडकीत बसायची. जाऊ म्हणायची, "अगं, निदान माझा परकर तरी शीव!"

अशात एका सकाळी मालक स्वतः दारात उभा. पर्यावरण जपणारं पर्यटनगाव म्हणून गावाला मोठा मान मिळायची शक्यता होती. परीक्षक पाहायला येणार होते.

"आत्या, एक दिवस हॉटेलात येऊन बस. दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर. रफू कर. आपली जुनी पद्धत दिसू दे त्यांना."

तो गेल्यावर जावेने भांडं आपटलं. "दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे! गल्लीत बघ जरा. आपल्या दोघींशिवाय राहतं कोण? घरं सगळी पाहुण्यांना भाड्याने, एरवी दाराला कुलपं. मीठ मागायचं म्हटलं तर मागायचं कुणाकडे? म्हणे जपणारं गाव!"

"जाते मी," आत्या म्हणाली. "हात शिवशिवतायत माझे."

खरं कारण तेच होतं. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं, सुयांची डबी घेतली आणि गेली.

मोठ्या काचेसमोर तिच्यासाठी खुर्ची मांडली होती. चादर दिली ती पांढरीशुभ्र, जाड सुताची. आत्याने मांडीवर घेतली, भोकावर बोट फिरवलं आणि तिचा हात थांबला. कापड विरतं तेव्हा आधी पातळ होतं, मग जाळी धरतं, मग कुठेतरी सुटतं. त्याच्या कडा थकलेल्या असतात. इथे सगळं कापड टणक, आणि मधेच कात्रीने पाडलेली खिडकी. कालच पाडलेली असावी.

तिला उठून चालतं व्हावं असं वाटलं. पण भोक ते भोक. ते समोर उघडं ठेवून जाणं तिच्या जिवावर आलं. तिने सुईत दोरा ओवला. आधी उभे धागे, मग एक सोडून एक आडवे. बघता बघता ती माडीवरच्या खोलीत पोचली. खालून नवऱ्याच्या रंध्याचा आवाज येतोय, बाई जिना चढतायत, मास्तर ओरडतायत. डोळे भरले तेव्हा तिने सुई क्षणभर बाजूला धरली, एवढंच.

"आजी, इथे नेहमी असंच करतात का हो?"

समोर परीक्षक बाई उभ्या होत्या, चेहऱ्याने साध्या, मनापासून विचारणाऱ्या. त्यांच्यामागे मालक. तो स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

"करायचो," आत्या म्हणाली. "बारा महिने करायचो. आता मी आजच्यापुरती आलेय." मालकाचा चेहरा पडलेला तिला दिसला, पण बोलणं राहिलं होतं. "अजून एक सांगते. तेव्हा आमच्या लॉजचं गटार थेट समुद्रात जायचं. खालच्या वाळूत पोरांना खेळू देत नव्हतो आम्ही. ते पाणी या हॉटेलवाल्यांनी साफ करायला घेतलं, तेव्हापासून पोरं तिथे पोहतात. तेही खरंच आहे."

बाईंनी मान डोलावली, तिच्या रफूवरून हलकेच बोट फिरवलं आणि पुढे गेल्या.

गर्दी ओसरल्यावर मालक शेजारी येऊन बसला.

"तारलंस की बुडवलंस, आत्या?"

"ते राहू दे. चादर कुणी कापली?"

तो ओशाळला. "फाटकी मिळेचना. फाटायच्या आधीच बदलतो आम्ही."

"आणि बदललेल्या?"

"ट्रक घेऊन जातो."

"कुठे?"

तो मग म्हणाला, "खरं सांगू? मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही मी."

टेबलाखाली रिळं रचणारा मुलगा तिला त्या चेहऱ्यात दिसला. राग धरायचा म्हटलं तरी धरवेना. "ट्रकात चढवायच्या आधी मला दाखवत जा," ती म्हणाली.

गावाला मान मिळाला. धक्क्यावर हिरवी पाटी लागली आणि पहिल्याच महिन्यात पाहुण्यांच्या बस दुप्पट झाल्या. पाटी बघायला दोघी जावा गेल्या. जावेने अक्षरं लावत वाचली आणि विचारलं, "मग? लायकी आहे का आपल्या गावाची?"

आत्याने खाली पाहिलं. पाणी इतकं नितळ की तळाचे दगड दिसत होते. तिच्या तरुणपणी ते कधीच तसं नव्हतं. मग तिने मागे पाहिलं. बंद दारांची गल्ली वर चढत गेली होती. तिच्या तरुणपणी तिथे उंबऱ्याउंबऱ्यावर माणसं बसलेली असायची.

"अर्ध्याची असेल," ती म्हणाली.

"अर्धी पाटी मिळत नाही."

"हो ना. तिथेच तर घोळ आहे."

मालकाने तिचं ऐकलं. यंत्रांच्या खोलीमागे त्याने तिला एक कोठी दिली. आठवड्यातून दोनदा ती जाते. निम्म्या चादरींत सूत कमी आणि भेसळ जास्त. त्या रफू धरत नाहीत, ट्रकातच जातात. सुती असतील तेवढ्या वाचतात. खोल्या आवरणाऱ्या दोघी बाया लांबून बसने येतात, या गावात घर परवडत नाही म्हणून. जेवणाच्या सुट्टीत त्या तिच्याजवळ शिकायला बसतात. परवा त्यातल्या थोरलीने दोरा इतका ताणला की कापड गोळा झालं.

"अगं, ओढतेस काय असं?" आत्या खेकसली, आणि तिच्या हातावर हात ठेवून तिने दोरा सैल केला. "त्याला जरा जागा दे. हां, आता घाल पुढचा."